धुळ्याला बाद झालेली कंडक्टर

माझ्या दादाची, म्हणजे तेजूच्या बाबांची, अट साधी होती. धुळ्याच्या चित्रकला स्पर्धेत तेजूला बक्षीस मिळालं, तर बारावीनंतरच्या ॲनिमेशन कोर्सच्या अर्जावर तो सही करणार. म्हणून रविवारी सकाळी सातच्या एसटीने मी, तिची आत्या, तिला घेऊन जळगावहून निघाले. महिलांना अर्धं तिकीट आहे, एरंडोल-पारोळा करत अडीच तास धरा, आणि जाताना उजवीकडे बसा, ऊन लागत नाही.

जपानी ॲनिमेशनमधली पात्रं कशी घडवतात, हे तेजू व्हिडिओ बघून शिकली. तिकडे आधी एकच पात्र समोरून, बाजूने, मागून, हसताना, चिडताना काढून ठेवतात. मग पुढे कुणीही काढलं तरी माणूस तोच राहतो. हे काम करणाऱ्याचं नाव मालिकेत वेगळं झळकतं. आपल्याकडे त्याला टाइमपास म्हणतात. मीसुद्धा बसमध्ये तिला सांगत होते की साधा देखावा काढ. आता लाज वाटते.

हॉलच्या दारावर स्पर्धेचा फलक होता. त्यावर मोठ्या डोळ्यांची, ब्रश धरलेली जपानी मुलगी, नेटवरून उचललेली. विषय होता ‘कष्टकरी स्त्री’. तेजूने दोन तासांत एसटीची कंडक्टर काढली, पाच बाजूंनी. परीक्षकांनी कागदावर नजर टाकली आणि बाद करून परत दिला. एकच बाई पाचदा काढलीये, देखावा कुठंय, असली कार्टून इथे चालत नाहीत, म्हणाले. मी दारावरच्या फलकाकडे बोट दाखवलं.

“ती सजावट आहे, मॅडम.”

माझं डोकंच फिरलं. फुकट उचललेलं चालतं, पोरीने स्वतः काढलेलं चालत नाही! समोरच्या दुकानात तीच जपानी पात्रं छापलेली दप्तरं टांगली होती, तीही सगळ्यांना चालतात. मी दहा मिनिटं भांडले. उपयोग शून्य.

स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. झणझणीत असते, दोघींना एक प्लेट पुरते. तेजूने चार घासही धड खाल्ले नाहीत.

परतीच्या बसमध्ये तिकीट देता देता कंडक्टरबाई तिच्या मांडीवरच्या कागदापाशी थांबल्या. मागून काढलेल्या चित्रावर बोट ठेवून अहिराणीत म्हणाल्या,

“हाई तं मीच शे. खांदा बी मनाच शे.”

बॅग अडकवून अडकवून त्यांचा उजवा खांदा खरंच उतरला होता. मी इतकी वर्षं एसटीने फिरते, मला कुठल्याच कंडक्टरचा कधी दिसला नाही.

घरी दादाला मी परीक्षकांचं सगळं तडतडत सांगितलं. तो कागद घेऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याने तेजूला विचारलं, “हिचा एक खांदा खाली का गं?”

धुळ्यात एकाही परीक्षकाला हा प्रश्न पडला नव्हता. तेजू त्याच्या शेजारी बसून सांगत राहिली. तिचं संपल्यावर दादा म्हणाला, “अर्ज आण.”

सही झाली. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.