एक वाजला, परत

परत फिरण्याची इतकी हौस असलेला माणूस उभ्या नेदरलँड्समध्ये दुसरा नसेल. हे माझ्या रूममेटचे मामा. जिथे रेल्वेच्या पुलालाही लोक चढ म्हणतात, अशा देशात राहून मामांनी वेड लावून घेतलं ते गिर्यारोहणाचं. त्यांचं म्हणणं, वर जायला ताकद पुरते, परत फिरायला मात्र सराव लागतो. म्हणून दुपारी एक वाजला की असू तिथून परत, डोंगर नसला तरी. आम्ही राहतो त्या एनस्खेडे गावाहून जर्मन हद्दीपलीकडच्या एका कॅफेत केक खायला आम्ही सायकलने कितीतरी रविवार निघालो असू. कॅफेची हिरवी पाटी दिसू लागली की मामा घड्याळ बघत आणि सायकल वळवत. रॉटरडॅमच्या गणपतीत महाप्रसादाची रांग मसालेभातापाशी येत असताना त्यांनी रिकामं ताट परत ठेवलं. भाची कळवळली, "मामा, अहो दोनच माणसं राहिलीत!" "शिखराच्या आधीही दोनच पावलं राहिलेली असतात," असं म्हणून मामांनी स्टेशनवर गार सँडविच खाल्लं. दुसरा नियम, वळल्यावर मागे बघायचं नाही. पाय चुकतो.

मी त्यांच्या दोरीला बांधली गेले ती विद्यापीठाच्या क्लाइंबिंग वॉलवर. मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्रजी, घर मराठी आणि आता कानावर डच. मनात उत्तर जुळवेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. मामांना हे भलतंच पसंत पडलं. "बडबड्या माणसाचा दम आधी संपतो," म्हणत त्यांनी मला सोप्या शिखरांवर नेलं, बर्फावर चालायला शिकवलं, आणि मागच्या उन्हाळ्यात आल्प्समधल्या एका उंच हटवर, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरात, नेलं. तिथे नवशिक्यांना कुणी पाठवत नाही. वरच्या शिखराने मामांना पूर्वी दोनदा परत पाठवलं होतं. आता गुडघे कुरकुरत होते आणि दिवाळीआधी ते कायमचे पुण्याला निघणार होते. हा शेवटचा प्रयत्न, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हटमध्ये शिरताना बूट काढून तिथल्या रबरी चपला घालायच्या. मामांच्या वाट्याला दोन्ही डाव्या आल्या. त्याच घालून ते ऐटीत फिरले. झोपायला सगळ्यांना मिळून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच गादी. मला कड्यापेक्षा तिची भीती जास्त. मामांनी मला भिंतीकडची जागा दिली आणि मध्ये ब्लँकेटांचा बांध घातला. "डच समुद्र अडवतात, मी घोरणं अडवतो."

संध्याकाळी सूप आलं आणि मला त्याचा वास सहन होईना. उंचीमुळे दुपारपासून डोकं ठणकत होतं. हट सांभाळणारी बाई प्रत्येक टेबलाशी येऊन विचारत होती, उद्या कुठे? त्यावर पहाटेच्या नाश्त्याची वेळ ठरते. आमच्याकडे आली तेव्हा मामांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "दोरीवरच्या सगळ्यात गप्प माणसाला विचारायचं असतं. बोल."

खिडकीतून शिखर दिसत होतं, अगदी स्वच्छ. या वेळी उत्तर मनात तयार होतं. ओठांवर येत नव्हतं.

"खाली," मी म्हणाले.

मामांनी ते बाईला जर्मनमध्ये इतक्या अभिमानाने सांगितलं, की आम्ही शिखर करूनच आलोय असं तिला वाटलं असेल.

"तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर तरी जा ना. मी थांबते इथे."

"डोकं दुखणारीला इतक्या उंचीवर एकटं सोडून? वेडी की काय गं तू?" म्हणत त्यांनी माझंही सूप संपवलं.

सकाळी उतरताना बर्फ मागे पडला, दोरी सोडून ठेवली, डोकंही हलकं झालं. माझ्यामागून येणारी मामांची शीळ एका वळणावर थांबली. मी वळले. मामा माझ्याकडे पाठ करून, वर बघत उभे होते. बराच वेळ. शीळ पुन्हा सुरू होईपर्यंत मी दुसरीकडे बघत राहिले.

मामा आता पुण्यात असतात. फोनवर विचारतात, "केक खाल्लास का गं?" परवाच्या रविवारी मी एकटीच सायकल काढली. हिरवी पाटी दिसली तेव्हा एक वाजला होता. मी सायकल वळवली. थोडं पुढे जाऊन थांबले, आणि मागे वळून पाटीकडे बघत राहिले, मामा बघत होते तितका वेळ.