कास्टिकच्या जमिनीत लेकीची वार

"काढ. हाताने काढ. फावडं नाही मिळणार."

छोटा शेठ हे बोलला त्याच दिवशी पहाटे माही लेक जन्मली होती. छोटा शेठ म्हणजे कारखान्याच्या मालकाचा पुतण्या. मी भिंतीपाशी उकिडवा बसलेलो. पाळी सुटायचा भोंगा होईपर्यंत त्यानं मले तसाच बसवून ठेवलं. सगळ्यायनं पाहावं म्हणून. भोंगा झाला. गडी बाहेर आले, गोल करून उभे राहिले. मग म्हणाला, काढ.

मी बोटांनी माती उकरली. गाडगं निघालं. त्यात लेकीची वार होती, जन्मताना नाळेसंगं पडते ती.

छोट्या शेठनं नाकाले रुमाल लावला. "आमची जमीन बाटवली साल्यानं."

हे मुंबईत झालं. खाडीकाठच्या रंगाच्या कारखान्यात, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा. मी मंगरूळजवळच्या मालेगावकडचा. गावकुसाबाहेरचा. मंगरूळच्या उर्सात कारखान्याचा मुकादम गडी गोळा करायले आला होता. गेलो त्याच्यासंगं. बायकोलेही नेलं, सखूले.

आमच्याकडे लेकरू झालं का बाप नाहणीपाशी खड्डा खंदते. सुईण वार गाडग्यात घालते, वर हळद-कुंकू टाकते, पुरते, वर गोटा ठेवते. बाळंतीण त्या गोट्यावर बसून अंग धुते. तिचं पाणी, लेकराचं पाणी तिथंच मुरते. ती जागा त्या लेकराची होऊन जाते. गावात विहीर वरच्या जातीची होती, देऊळ त्यायचं होतं. पण वार पुरायले कोण्या पाटलानं कधी माती अडवली नाही. म्हणून मुंबईत कोणाले विचारावं हे मले सुचलंच नाही. नाहणी होती, तिच्यापाशी जमीन होती. खंदली.

जमीन कशी होती तेही सांगतो. आमच्या खोल्या कारखान्याच्या भिंतीले लागून. भिंतीखालून नाला निघे अन् आमच्या दारावरून खाडीत जाई. आज लाल, उद्या निळा. त्यात कास्टिकचं, कातडी जाळणाऱ्या सोड्याचं पाणी. तिथली माती साबणासारखी बुळबुळीत. गवताची काडी नाही. सखूनं डब्यात ती माती भरून तुळस लावली, ती करपली. लेकरांच्या पायाले फोड. खंदतानाच माही बोटं चुरचुरली होती. पण मले वाटलं, माती आहे. माती सगळं पोटात घेते.

गाडग्यात मी वाकून पाहिलं. हळद सगळी लाल झाली होती. कुंकू पसरलं असं वाटलं मले. पण कुंकू चिमूटभर होतं, हे गाडगंभर.

आमची सुईण जुलेखाबी दारात उभी होती. मंगरूळची. तिचा नवरा माह्यासंगं रंगाच्या हौदावर. ती म्हणाली, "कुंकू नाही रे भाऊ. हळद जळली. चुन्यानं होते तशी."

"क्या देखता है?" छोटा शेठ ओरडला. "फेक नाले में."

काही जण हसले. आमचेच. त्यायची तोंडं मले आजही आठवतात.

मी म्हटलं, "नाई फेकत."

"क्या बोला?"

"नाई फेकत म्हटलं. तुमी रोज आमच्या दारात ओतता ते चोखं, अन् माह्या लेकीची वार घाण? कोणी कोणाची जमीन बाटवली, शेठ?"

त्यानं छडी मारली. मले नाही. गाडग्याले. गाडगं हातातच फुटलं. वार नाल्यात पडली अन् त्या लाल पाण्यात भिंतीकडून खाडीकडं निघून गेली. मी पाहत राहिलो.

खोलीत सखू रडून राहिली होती. तिनं ऐकलं होतं सगळं.

मी छोट्या शेठचा हात धरला. छडीचाच. ओढून खाली बसवला अन् मनगटापर्यंत नाल्याकाठच्या त्या चिखलात दाबला.

"तुमचीच जमीन हाये, शेठ. घ्या."

आधी शिव्या दिल्या त्यानं. मग ओरडला. मग आईले हाक मारली. मी गुडघा रोवून बसलो होतो. मुकादम धावत आला. तवर जुलेखाबीचा आवाज आला, "जरा ठेव रे भाऊ. त्याले बी कळू दे."

हसणारे आता हसत नव्हते. पण मले ओढायलेही कोणी पुढं आलं नाही. मुकादमानंच ओढलं.

मग पोलीस. मार. तुरुंग. सखूले ओल्या अंगानं खोलीबाहेर काढलं. जुलेखाबीनं तिले अन् लेकीले गाडीत घालून गावी पोचवलं. लेक जगली, एवढा निरोप मले आत मिळाला.

सुटलो तेव्हा तुरुंगाच्या फाटकावर मुकादम उभा. म्हणाला, "चल, शेठचे पाय धर. मोठ्या मनाचा माणूस आहे, परत घेईल."

"हात बरा झाला का त्याचा?"

"कुठचा? कातडी गेली. बोटं मिटत नाहीत अजून."

मले बरं वाटलं. खोटं कायले सांगू? अजून वाटते.

गावची गाडी धरता आली असती. नाही धरली. सरळ खोल्यांवर गेलो. आमच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं. बाई पोटुशी, दिवस भरत आलेले. त्याच नाहणीवर बसून भांडी घासत होती. दारातून नाला वाहत होता. त्या दिवशी हिरवा.

जुलेखाबीच्या नवऱ्याले फावडं मागितलं. त्यानं विचारलं नाही कायले. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यादेखत, भिंतीखालचं नाल्याचं तोंड दगड-मातीनं बुजवायले लागलो. पाणी अडलं. फुगलं. मग मागं फिरलं अन् भिंतीखालून कारखान्यात शिरलं. आत बोंब झाली. "कोण आहे रे तिकडे?"

"मी हाये," मी म्हटलं. अन् हललो नाही.

येऊ दे म्हटलं. ते उकरतील, मी परत बुजवीन. परत आत टाकतील, सुटून येईन अन् परत बुजवीन. जवर त्यायचं पाणी त्यायच्याच उंबऱ्यात उभं राहत नाही, तवर मले गाव नाही, घर नाही, अन् त्यायले माफी नाही.