होककाका आकडे लिहीत नाहीत

सव्वादोनला बुनहाय माझ्या कचेरीत शिरला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता आणि मी नुकतीच फरशी पुसून घेतली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं.

"लानताई, जहाज रद्द झालं. स्टिकर काओशुंगलाच पडलेत."

"आजच?"

"वाऱ्याला काय, पंचांग बघून यायचंय?"

मी मच्छीमार संघाची कारकून आहे. बेटावरच्या प्रत्येक बोटीचा कागद माझ्या कपाटात असतो, त्यामुळे त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही. बुनहायची नवी बोट, सुनहिंग, गोदीच्या उतारावर उभी होती. जुनी बोट मोडीत काढली की तिच्या जागी नवी उभी करायला सरकार दोन वर्षं देतं, आणि त्याची दोन वर्षं आज पाच वाजता संपत होती. मोठ्या गावाहून, माकुंगहून, आलेला तपासनीस बोटीपाशीच थांबला होता. नाव आणि नोंदणीचे आकडे दोन्ही अंगांना नीट दिसतील असा फोटो पाचच्या आत निघाला तर परवाना चालू. नाहीतर परवाना गेला. नवीन परवाने आमच्याकडे वीस वर्षांत कुणाला मिळालेले नाहीत. मग बुनहायनं त्या बोटीत हवं तर कोंबड्या पाळाव्यात.

नाव लिहून झालं होतं. होककाकांनी आदल्या दिवशीच लाल रंगात टपोरं लिहिलं होतं. आकडे मात्र छापील स्टिकरचे यायचे होते, कारण होककाका आकडे लिहीत नाहीत.

"तूच लिही ना, लानताई. तुझं अक्षर चांगलं आहे."

"माझं अक्षर वहीत चांगलं आहे. त्या तपासनीसानं परवा एक बोट परत पाठवली, आकडे तिरके म्हणून. चल, देवळात जाऊ."

"ते नाही म्हणणार."

"म्हणू देत. तोवर पाय तरी उचल."

होककाका का नाही म्हणतात ते गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही. मी सांगू शकते, कारण त्यातलं एक घर माझं आहे.

एकतीस वर्षांपूर्वी होककाका चाळिशीचे होते आणि आमच्या बेटावर त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. देवळाचे कंदील, बोटींची नावं, बोटींच्या पुढच्या टोकावर काढतात ते डोळे, सगळं तेच रंगवायचे. मासेमारीच्या बोटीचे डोळे खाली पाण्याकडे बघणारे लागतात. ते काढताना ते बोटीला दटावायचे, "वर काय बघतेस, वर तुझा नवरा आहे?" नोंदणीचा कागद कधी बघायचे नाहीत. कुणी पुढे केलाच तर म्हणायचे, "कागद बघायला मी काय शिकाऊ आहे?" दोनशे बोटींचे आकडे त्यांना तोंडपाठ होते आणि त्याचा त्यांना फार गर्व होता.

त्या वर्षी नववर्षाच्या आधी, एकाच आठवड्यात, त्यांनी दोन बोटी उजळल्या. एक माझ्या बाबांची, नंबराचा शेवट एकसष्ट. दुसरी बुनहायच्या बाबांची, म्हणजे हुनमावशीच्या नवऱ्याची, शेवट सोळा. त्यांनी दोन्हीवर एकसष्ट लिहिलं. गावात बोट ओळखायला आकडे कोण वाचतं? आम्ही इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो. अकरा दिवस एकाच नंबराच्या दोन बोटी धक्क्याला शेजारी शेजारी बांधल्या जात होत्या आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मग वादळ झालं. दोन्ही बोटी बाहेर होत्या. गस्तीच्या जहाजाला पुढच्या अंगाची एक फुटकी फळी मिळाली, तिच्यावर फक्त आकडे होते. त्यांनी वाचले, कपाटातल्या कागदाशी जुळवले, आणि आमच्या दारात येऊन माझ्या आईला सांगितलं की तुमची बोट गेली.

मी अकरा वर्षांची होते. आई जमिनीवर पडून रडत होती. हुनमावशी रताळ्याची पेज घेऊन आली आणि दीड दिवस आमच्याकडून हलली नाही. तिनं माझी वेणी घातली, आईला धरून बसली, धूप लावला. बुनहाय तेव्हा तिच्या पोटात होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिनाचा आवाज आला, आमच्या बोटीचा. बाबा एका उजाड बेटाच्या आडोशाला थांबले होते. मी किंचाळत धक्क्यावर धावले, आई अनवाणी माझ्या मागे. खूप वेळानं मी वळून बघितलं तर हुनमावशी आमच्या दारात उभी होती, हातात आमच्याच घरची पळी. ती फळी कुणाची, ते तिला कळलं होतं.

ते रडू आमच्या घरातून उठून तिच्या घरी गेलं. त्या दिवशी मी आनंदानं किंचाळले याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर होककाकांनी आकडे लिहिले नाहीत. हुनमावशी त्यांच्याशी बोलली नाही. आणि बाबांनी आमच्या बोटीच्या त्या एकसष्टला पुन्हा ब्रश लावू दिला नाही. ती बोट आता माझा भाऊ चालवतो आणि तपासणीच्या दिवशी आकडे खडूनं उजळून घेतो. मी सगळ्या बंदराला पुसट आकड्यांवरून झापते आणि सगळं बंदर मला म्हणतं, आधी स्वतःच्या घरचं बघ.

देवळात होककाका शिडीवर बसून कंदील रंगवत होते. पायात मोजे, त्यावर रबरी चपला. आम्हाला बघून त्यांनी तोंडातला ब्रश काढला. मी सगळं एका दमात सांगितलं.

"आकडे मी लिहीत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. आज लिहा."

"लान, तुला तरी हे सांगायला लागावं?"

"दुसरं कोण आहे ते सांगा, मी त्याच्या पाया पडते."

"तुझ्या भावाला बोलाव. त्याचा खडू चांगला चालतो."

बुनहाय गुडघ्यावर बसला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ऊठ रे. पँट मळेल."

हुनमावशी उंबऱ्यात उभी होती. गोदीपासून वाऱ्यात चालत आली होती, केस सगळे विस्कटलेले. तिनं समुद्राच्या देवीला, माझूमातेला, हात जोडले आणि शिडीकडे न बघताच म्हणाली, "भाऊजी, चला. कागद मी वाचीन. तुम्ही लिहा."

एकतीस वर्षांत तिचा त्यांच्याशी हा पहिला शब्द. होककाका शिडीवरून उतरले. उतरताना शेवटची पायरी चुकले, बुनहायनं धरलं.

उतारावर ईशान्येचा वारा कानात शिट्या वाजवत होता. वाळू उडत होती आणि ओल्या रंगावर एक कण बसला तरी आकड्याला पुळी आल्यासारखी दिसते. सहा जणांनी ताडपत्री धरली. तपासनीस, पंचविशीचा पोरगा, घड्याळ बघत म्हणाला, "आकड्यांची उंची सारखी हवी. आणि मी थांबू शकत नाही हं, पाच म्हणजे पाच."

"पाच म्हणजे पाच हे आम्हालाही कळतं," मी म्हणाले. "तू ताडपत्रीचं टोक धर."

त्यानं धरलं.

काकांनी दोरीला निळी भुकटी लावून दोन आडव्या रेघा मारल्या, खडूनं घरं आखली. आधी सगळ्या बोटींना असतं ते सीटी, मग दोन, मग चार घरं रिकामी.

"पाच," हुनमावशी म्हणाली.

"पाच," काका म्हणाले आणि लिहिला.

"शून्य."

"शून्य."

"नऊ."

"नऊ."

"सात."

"सात."

आमच्याकडे चार हा मरणाचा आकडा; तो नव्हता म्हणून बुनहायनं नोंदणीच्या दिवशी देवाला संत्री वाहिली होती. दोन्ही अंगं आखून एक अंग लिहून व्हायला सव्वा तास गेला. बोट फिरवता येत नव्हती, सगळे ताडपत्री घेऊन दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडे वारा थेट तोंडावर होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पाच झाला. शून्य होताना ताडपत्री एकाच्या हातून सुटली, फडफडून ओल्या रंगावर घासली, आणि शून्याचं पोट फाटलं. कुणीतरी शिवी दिली. काकांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली, पुसलं, पुन्हा घर आखलं. पुन्हा शून्य. नऊ. पाचला बारा मिनिटं कमी असताना शेवटचं घर राहिलं.

"सात," मावशी म्हणाली.

काकांनी ब्रश उचलला आणि तसाच धरून राहिले. ब्रशच्या टोकावरून रंगाचा थेंब त्यांच्या मोज्यावर पडला.

"सात, भाऊजी."

"मला एकदा शिव्या दे, हुन," काका म्हणाले. वारा एवढा होता की ते जवळजवळ ओरडत होते. "एकतीस वर्षं वाट बघतोय. माझ्या हातून झालं ते. तू नुसती गप्प बसतेस. दे एकदा, मग लिहितो."

"काका, दहा मिनिटं राहिलीत!" बुनहाय रडकुंडीला आला होता.

"तू गप्प," मावशी त्याला म्हणाली. मग तिनं कागद छातीशी धरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. "शिव्या कशाच्या देऊ? मी लानच्या आईला धरून बसले होते ना, ती रडत होती. तिच्या पाठीवरनं हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, माते, बरं झालं, आमची नाही. सारखं म्हणत होते. पेज ढवळताना पण म्हणत होते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "हे कुणाला सांगणार? फळीवर तुम्ही बरोबर लिहिलं असतंत तर तो तेव्हाच मेला असता. तुमच्या चुकीमुळे माझा नवरा दीड दिवस जास्त जगला, भाऊजी. तुमच्या तोंडाकडे बघितलं की मला माझं ते समाधान आठवायचं. म्हणून नाही बोलले. तुमच्यावर राग नव्हता."

मला एकदम तिच्या बोटांनी घातलेली ती वेणी आठवली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाळू गेली म्हणून सांगता येण्यासारखं होतं, पण मी सांगितलं नाही.

"सात," मावशी म्हणाली.

"सात," काका म्हणाले.

आडवी रेघ गेली. मग खाली येणारी, एका दमात. ब्रश उचलला.

तपासनीसानं ताडपत्री सोडून कॅमेरा काढला. आधी या अंगाचा फोटो, मग धावत त्या अंगाचा. मी कपाटातला कागद आणला होता, त्यावरून मी मोठ्यानं वाचलं, त्यानं बोटीवरून वाचलं. पाच शून्य नऊ सात. त्यानं वेळ लिहिली, चार चोपन्न, आणि शिक्का मारला. बुनहाय उतारावरच मटकन बसला आणि हसायला लागला. ताडपत्रीवाले एकमेकांवर खेकसायला लागले की मघाशी कुणाच्या हातून सुटली होती.

होककाका ब्रश धूत होते. मावशीनं रॉकेलचा डबा धरला होता.

"लान," तिनं मला हाक मारली. "तुमच्या बोटीचे आकडे किती पुसट झालेत. मला धक्क्यावरनं दिसतात."

"बाबा हात लावू देत नाहीत, मावशी."

"त्यांना सांग, हुननं सांगितलंय." तिनं डब्यातला ब्रश काढून चिंधीवर पुसला आणि काकांच्या हातात दिला. "उद्या बोट उतारावर घ्या. भाऊजी लिहितील. सहा, एक. मी वाचीन."