पूर्वा गौरीच्या गोळ्या

लग्नानंतर गौर पूर्वा नक्षत्रात येईल त्याच वर्षी सुनेचा पहिला ओवसा, असा माझ्या सासरचा रिवाज. सुपांत फळं, नारळ, वेणी भरून ती सुनेनं गौरीपुढे ओवाळायची. आमची पूर्वा गौर लग्नानंतर तीन वर्षांनी उगवली, आणि नेमकी माझ्या पाळीच्या तारखेवर. सासूबाई भोईवाड्यातल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून पाळी लांबवायच्या गोळ्या घेऊन आल्या. आमच्या चाळीत सणासुदीला उदबत्ती आणावी तशा त्या आणतात, चिठ्ठीबिठ्ठी कोणी विचारत नाही.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तरी चूपचाप गोळ्या घेतल्या. शहाणपण वर्गात पाजळायचं आणि घरी वाद टाळायचा, हे माझं धोरण.

ओवसा झकास झाला. गोळ्या थांबवल्या की थोड्याच दिवसांत पाळी येते. माझी आली नाही. आठवडाभर वाट पाहून किट आणलं, तर दोन रेघा. म्हणजे मी गोळ्या गिळत होते तेव्हाही गर्भ पोटात असणार.

आदल्या वर्षी माझा एक गर्भ दुसऱ्याच महिन्यात पडला होता. तेव्हा मला सावरलं ते माझ्या विषयानं. बहुतेक सस्तन माद्यांमध्ये गर्भ आला की मग गर्भाशयाचं अस्तर तयार होतं. बाईचं शरीर मात्र दर महिन्याला ते आधीच तयार करून ठेवतं, कारण माणसाचा गर्भ भारी हावरट, पार आईच्या रक्तापर्यंत शिरतो. हे अस्तर त्याला पारखून घेतं आणि धड नसेल तर सोडून देतं, असं एक मत आहे. वर्गात हे सांगताना मी अगदी रंगून जायचे. "काहीतरी बाधलं असेल" म्हणणाऱ्या शेजारणींनाही मी मनातल्या मनात हाच धडा ऐकवला होता. माझी चूक नव्हती. शरीरानं त्याचं काम केलं होतं.

आता तोच धडा माझ्या मानगुटीवर बसला. या वेळीही शरीर सोडू पाहत होतं आणि मीच अस्तर धरून ठेवणाऱ्या गोळ्या घेऊन त्याला अडवलं असेल तर? बाथरूममध्ये जायचीच भीती वाटायची. डाग दिसला तर काय, आणि नाही दिसला तर ते बरं की वाईट? नवरा म्हणाला, "टेन्शन नको घेऊ गं." त्याच्यावर मी अशी खेकसले की तो बिचारा गॅलरीत जाऊन उभा राहिला.

परळला सोनोग्राफीला सासूबाई सोबत आल्या. एरवी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, पण आज बाकावर अंग चोरून बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, एवढंच चाललं होतं.

"माझ्या हट्टापायी काय वाईट झालं तर गो?" एकदम म्हणाल्या. "गौर पण बाईच ना? तिला काय कळलं नसतं?"

मला खरं तर राग यायला हवा होता. पण मी त्यांचा हात धरला.

आत डॉक्टरबाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. मला रडूच फुटलं. डोळे पुसतच मी गोळ्यांचं विचारलं.

"त्यानं बहुधा काही होत नाही. दोन आठवड्यांनी परत बघू."

बहुधा. वर्गात हा शब्द मी येताजाता वापरते. तो ऐकणाऱ्याला असा टोचतो, हे मला माहीत नव्हतं.

बाहेर सासूबाई उभ्याच होत्या. ठोके आहेत म्हटल्यावर त्यांनी तिथेच हात जोडले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि गोळीचं काय म्हणाली?"

"त्यानं काही होत नाही म्हणाल्या, आई."

त्या मटकन बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. तो 'बहुधा' मी माझ्यापाशीच ठेवला.