कोणी वापरत असल्यास वर कळवावे

मे महिन्याच्या नागपुरात कम्प्युटरला कूलरची हवा देऊन स्वतः डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून गच्चीच्या दारात बसणारा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मी जन्मभर प्रताप नगरात पिठाची चक्की चालवली. चक्कीवर सगळ्या तऱ्हेचे लोक येतात. आपलं पीठ दुसऱ्याच्या पिठात जाईल म्हणून जात्याला डोळे लावून बसणारे पाहिले, दळण ऊन लागतं म्हणून भांडणारे पाहिले. याच्यापुढे ते सगळे शहाणे. जवळच्या खापा गावचा आहे. चाळिशी गेली, लग्न केलं नाही. आमची ही म्हणायची, "बायको ठेवाले जागा कुठं आहे त्याच्या खोलीत?" खरंच नव्हती. खोलीभर जुने कम्प्युटर. पिवळे पडलेले, झाकण उघडं, आतडी बाहेर. लोक भंगारात देतात ते हा भंगारवाल्याकडून उचलून आणतो, आणि बाळंतिणीला जिना चढवावा तसा दोन्ही हातांनी सांभाळत वर नेतो.

त्याचं काम काय, ते मी सातवी पास माणूस सांगतो. चुकलं तर वर जाऊन त्यालाच विचारा, दोन तास मोकळे ठेवा. कम्प्युटर नाना जातीचे असतात, आणि एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येकाची बोली कुठे शिकायची? म्हणून मध्ये एक दुभाषी बसवतात. त्याला हे लोक लायब्ररी म्हणतात, पुस्तक त्यात एकही नाही. ही लायब्ररी कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातले लोक मिळून ती सांभाळतात आणि वाटेल त्याला फुकट देतात. नव्या कम्प्युटरची बाजू बघायला पुष्कळ जण असतात. जुन्या, विस्मरणात गेलेल्या कम्प्युटरची बाजू आमचा भाडेकरू बघतो. पोटासाठी एका कंपनीचं काम करतो ते वेगळं. हे नुसतं हौसेचं.

मी त्याला तोंडावर म्हटलं, "बाबू, फुकटात डोकं काहून घासतं? कोणी शाबास तरी म्हणते का?"

उत्तर हिनं दिलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "धुणंभांडं आहे ते, दुसरं काही नाही. केलं तर कोणाले दिसत नाही, एक दिवस नाही केलं तर सगळ्यायले दिसते."

त्याचे डोळे एवढे मोठे झाले. "काकू, हे मले त्या लोकायले लिहून पाठवू द्या," म्हणून तो जिन्याने पळाला. त्या दिवसापासून काकूंचा शब्द हा शेवटचा शब्द. मी घरमालक नुसता नावाला.

त्याचा एक कायदा होता. चालू असलेली कोणतीही गोष्ट न सांगता बदलायची नाही. एकदा हिनं चहात साखरेऐवजी गूळ घातला. एक घोट घेऊन याने कप खाली ठेवला. "काकू, चहा बदलला."

"गूळ हाय. वाईट झाला का?"

"वाईट नाही झाला. पण आधी सांगत जा न. माणूस जुन्या चहाच्या भरवशावर खाली येते."

ही हसून हसून बेजार. पुढे तिने तो खेळच केला. अंगणात उभी राहून वर तोंड करून ओरडायची, "ऐकून राहिला का रे? उद्यापासून चहात आलं पडन! मंग म्हणशील सांगितलं नाही!" शेजारच्या बाया खिडकीत यायच्या. वरून गंभीर आवाज यायचा, "ठीक आहे काकू. चालन."

कायद्याचा दुसरा भाग याच्यापेक्षा भारी. जुनी गोष्ट काढायची असेल तर आधी तिच्यावर चिठ्ठी लावायची आणि वाट बघायची. त्यांच्या लायब्ररीत तसंच करतात म्हणे. एखाद्या जुन्या कम्प्युटरची सोय बंद करण्याआधी जगाला विचारतात, बाबांनो, कोणी वापरता का हे? कोणीच बोललं नाही तरच काढतात. आमच्या फाटकाची कडी गंजली होती. मी नवीन लावली आणि जुनी ठोकून काढायला हातोडी घेतली, तर हा धावत खाली आला. "काकाजी, असं एकदम नाही काढत." संध्याकाळी कडीवर कागद चिकटलेला: ही कडी दिवाळीनंतर काढण्यात येईल. कोणी वापरत असल्यास वर कळवावे.

मी म्हटलं, कडी वापरणारा असा कोण निघणार? निघाला. दूधवाला. जुनी कडी खाली होती, सायकलवरून न उतरता त्याचा पाय तिथे पोचायचा. चपलेच्या टोकाने कडी उडवायची आणि कॅन घेऊन सरळ आत. त्याने वर कळवलं. दिवाळी आली, गेली. आमच्या फाटकाला आजही दोन कड्या आहेत. पाहुणे विचारतात, मी दूधवाल्याकडे बोट दाखवतो.

असाच एक दिवस तो जिना दणाणत खाली आला. "काकू, एक निघाला!" ज्या जुन्या कम्प्युटरची सोय काढा म्हणून सगळे याच्या मागे लागले होते, तो वापरणारा जगात एक म्हातारा माणूस निघाला. दूर कुठल्या थंडीच्या देशात, बियाण्याच्या गोदामात, त्याचा वजनकाटा त्याच कम्प्युटरवर चालायचा. ओळख ना पाळख, पण याला असा आनंद जसा मुलगा झाला. हिनं तर्री पोहे केले. त्या परक्या म्हाताऱ्याच्या नावाने आम्ही तिघांनी नाकातून पाणी येईस्तोवर खाल्ले. आमच्या घरात इतकं हसू तेव्हा रोजचं होतं. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात ही गेली. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याहून मुलगा आला. तिकडे राहून तो आता गोड बोलतो. म्हणाला, "बाबा, या खोलीत एसी बसवू. हा डबडा कूलर उद्या भंगारात जाऊ द्या." डबडा म्हणजे हिचा कूलर. लोखंडी, खिडकीएवढा, ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा. रोज संध्याकाळी बादलीने पाणी ती भरायची. बटणाने तो कधीच सुरू झाला नाही. बटण दाबून उजव्या बाजूला ती एक थाप मारायची, मग पंखा फिरायचा. तिथला रंग तळहाताएवढा उडाला आहे. मला त्या आवाजाशिवाय झोप येत नाही. पण हे पोराला कसं सांगायचं? तो माझ्यासाठीच करत होता. अख्ख्या मोहल्ल्याला तोंडावर बोलणारा माणूस मी, आणि घरात मला एक शब्द सापडेना.

सकाळी भंगारवाला दारात आला, तर कूलरवर कागद. हा कूलर काढण्यात येणार आहे. कोणी वापरत असल्यास कळवावे. तोवर हात लावू नये. खाली त्याची सही. आणि तो स्वतः जिन्याच्या पायरीवर, दुपट्टा डोक्याला.

मुलगा चिडला. "दादा, हे आमचं घर आहे. आणि वापरणारं कोण उरलंय आता? चालू तरी होतो का हा?" त्याने बटण दाबलं. कूलर ढिम्म. "बघा!"

भाडेकरू त्याच्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "काकाजी, कळवा लागते. कळवलं नाही तर जाते मंग ते."

मी उठलो. त्या उडालेल्या रंगावर हात ठेवून एक थाप मारली. कूलर खोकला, थरथरला आणि सुरू झाला. मी म्हटलं, "मी वापरतो."

पोरगा बघत राहिला. मग त्याने डोळ्यांवरून हात फिरवला आणि भंगारवाल्याला रद्दी देऊन परत पाठवलं. पायरीवरून आवाज आला, "एक निघाला." एसी पण बसला. दोन्ही आहेत. कड्यांसारखे.

परवा तो चहाला खाली आला, पण जिना दणाणला नाही. चहा आता मी करतो, कसाही झाला तरी तो पितो. विचारलं तेव्हा बोलला. बियाण्याच्या गोदामातल्या त्या माणसाचं उत्तर येणं बंद झालं. तीनदा विचारलं, काही नाही.

मी म्हटलं, "म्हातारा होता. गेला असन."

"असन."

"मंग तुमच्या कायद्यानं ते आता काढा लागते न?"

कूलरकडे बघत त्याने कपातला चहा संपवला. मग म्हणाला, "दिवाळीनंतर पाहू, काकाजी."

कोणत्या दिवाळीनंतर, ते त्याने सांगितलं नाही. ऊन उतरलं होतं, कूलरच्या टाकीत पाणी कमी झालं होतं. मी बादली घ्यायला उठलो, तर ती त्याने आधीच हातात घेतली होती.