तिजोरीवाल्यांचं तीन कप्प्यांचं वायफाय

बँकेच्या तळघरातली तिजोरी चौतीस वर्षं सांभाळून तिजोरीवाले निवृत्त झाले. सांभाळायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर घरातल्या वायफायवर गेली. एकाच जाळ्यात माणसं, टीव्ही, प्रिंटर, पाहुणे सगळे मोकाट फिरतात हे कळल्यावर त्यांना अन्न गोड लागेना. महिनाभर डोकं शिणवून त्यांनी जाळ्याचे तीन कप्पे पाडले: माणसं, यंत्रं आणि पाहुणे. सख्खा मेव्हणा पाहुण्यांत गेला. एका कप्प्यातल्याने दुसऱ्यात डोकावायचं नाही. बाहेरून फोनवरून घरच्या जाळ्यात शिरायला मात्र व्हीपीएनचा कुलूपबंद बोगदा, आणि त्यातून येणाऱ्याला तिन्ही कप्पे उघडे. कारण येणार कोण, तर ते स्वतःच. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर उभं राहून त्यांनी एकेक गोष्ट तपासली. सगळं चाललं. घरात बसून तपासायचं मात्र या शहाण्या माणसाला सुचलं नाही.

मागच्या खोलीत त्यांची आई होती, पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. आवाज इतका क्षीण झालेला की दारापर्यंतही पोचत नसे. म्हणून उशाशी वायफायवर चालणारं एक बटण होतं. दाबलं की मुलाचा फोन वाजायचा. आता बटण गेलं यंत्रांत आणि फोन माणसांत. तिजोरीवाले पुढच्या खोलीत पेपर वाचत असले की आई बटण दाबून दाबून थकायची. ते बेकरीत गेले की पहिल्याच दाबाला फोन वाजायचा आणि ते पाव तिथेच टाकून धावत यायचे. चौथ्या दिवशी त्यांच्या हातून पाणी पिताना आई म्हणाली, "तू घरात असलास की सापडत नाहीस. बाहेर गेलास की लगेच येतोस. मग बाहेरच बस ना."

चूक त्यांच्या लक्षात आली. पण दोन कप्प्यांमध्ये दार उघडायचं तर लेखी अर्ज हवा, आणि अर्जावर तीन दिवस विचार. तळघरात हा नियम त्यांनी मॅनेजरसाठीही मोडला नव्हता. बायकोचा प्रिंटरचा अर्ज तर अजून विचाराधीनच होता. आईच्या हाती कोरा अर्ज देऊन त्यांनी खुर्ची समोरच्या फूटपाथवर नेली, कारण घरात फोनला रेंज नव्हती आणि बोगदा लागायचा तो तिथेच. काही भांडण झालं का, असं शेजारणीने हळूच विचारलं. नाही, आईजवळ बसलेत, असं बायकोने सांगितलं.

दुपारी बायको रस्ता ओलांडून आली आणि भरलेला अर्ज त्यांच्या मांडीवर ठेवून परत गेली. अक्षर थरथरतं होतं. विषय: मुलगा घरी असताना मिळण्याबाबत. कारण: पाणी, उशी, आणि कधी कधी उगीच. खाली रकाना होता, परवानगी किती दिवसांसाठी हवी.

तिथे आईने लिहिलं होतं, "उरलेत तेवढे."

तिजोरीवाल्यांना भर फूटपाथवर रडू आलं. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि थेट आईच्या उशाशी नेऊन मांडली. बटणासाठीचं दार दुसऱ्याच दिवशी उघडलं. प्रिंटरचा अर्ज अजून विचाराधीन आहे.