हापशाचं पाणी न पिणारी बाई

पाण्याचा इतका संशय घेणारं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. सुरतेजवळ पलसाण्याला हायवेला लागून आमची कापड रंगाईची मिल होती. ती बंद पडली, मजूर पांगले, आणि बॉयलरवरचा मी राखणदार होऊन राहिलो. पुरलेल्या टाक्यांतलं डिझेल कैक वर्षं जमिनीत झिरपत होतं, असं मागाहून कुणीतरी शोधून काढलं. मग आवारात जागोजागी नळ्या उतरवल्या आणि त्यांतलं पाणी तपासायला प्रयोगशाळेची ही अकोल्याकडची बाई माझ्या डोक्यावर येऊन बसली. चार बोटं रुंद नळीला ती विहीर म्हणते. मी खानदेशात सुरुंग लावून विहिरी खोदलेला माणूस; मला ते ऐकवत नाही.

यायच्या आदल्या दिवशी तिचा फोन येतो, तो काही माझी तब्येत विचारायला नाही. "काका, विहिरीपाशी बिडी ओढून नाही राहिले ना?" स्वतः येते ती केसाला तेल नाही, तोंडाला पावडर नाही अशी; वास बाटलीत शिरतो म्हणे. आल्यावर अर्धा तास नुसतं पाणी उपसून पिंपात ओतते. "हे नळीत साचलेलं शिळं आहे, ताजं येऊ द्या." त्यातली एक बादली मी वांग्यांना मागितली, तर मी विष मागितल्यासारखी बघत राहिली. एकदा तिची नळीत सोडायची दोरी खाली लोंबत होती, मी चांगल्या मनाने उचलून धरली. बाईने तेवढी दोरी कापून टाकली. बाटली काठोकाठ भरायची, उलटी करायची, टिचकी मारायची आणि मोहरीएवढा बुडबुडा दिसला की फेकून दुसरी घ्यायची. मी म्हटलं, "अगं, बुडबुडा आहे तो, विंचू नाही." तर म्हणे, "त्या बुडबुड्यात डिझेलचा अंश पळून जातो काका, मग मी मोजू काय?" भर मे महिन्यात तिच्या खोक्यात बर्फ खच्चून भरलेला असतो. ताकासाठी एक खडा मागून पाहा. तो बाटल्यांचा आहे, माणसांचा नाही.

हेही सोसलं असतं. पण ती माझ्या घरचा चहा पीत नव्हती. खोलीमागे माझा हापसा आहे, इथले लोक डंकी म्हणतात. मिल नवी होती तेव्हा मिस्त्रीबरोबर उभं राहून मी त्याचे पाईप उतरवलेत. हायवेवरचे ट्रकवाले मुद्दाम थांबून त्याचं पाणी प्यायचे. ही मात्र घरून बाटली आणायची आणि वर म्हणायची, "काका, एकदा तुमच्या हापशाचं पाणी तपासू द्या." मी म्हणायचो, "माझ्या पाण्याची परीक्षा घेणारी तू कोण?" प्रत्येक खेपेला हेच भांडण, आणि ती हरून जायची.

मग एका खेपेला ती भांडलीच नाही. माझ्या खोलीकडच्या लिंबाजवळच्या नळीतून पाणी काढलं, त्यावर तेलाचा तवंग होता. खोक्यावर बसून ती हळूच म्हणाली, "हे तुमच्याकडेच सरकून राहिलं काका." तो आवाज काही मला आवडला नाही. रागाच्या भरात मीच हापशाचा दांडा धरला. "घे. आणि नंतर माफी मागायला ये." तिने माझ्याही पाण्याच्या बाटल्या बुडबुड्यापायी फेकल्या.

आठवड्याने फोन आला. "उद्या येते काका. तोवर हापशाचं पिऊ नका." पुढचं मी विचारलं नाही. संध्याकाळी कॅन घेऊन हायवे ओलांडला आणि सोसायटीच्या नळावर बायकांच्या मागे उभा राहिलो. सुरतेत इतकी वर्षं काढली, पण पाणी कुणाकडे मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली, हातात खोका नव्हता, केसाला तेल लावलेलं होतं. म्हणाली, "डिझेल थोडंच आहे, आत्ताच लागलंय, पण आता हापसा बंद करावा लागेल काका." माफीबिफीचं काही निघालं नाही. मी स्टो पेटवला, चहा केला आणि कप तिच्यापुढे ठेवला. पाणी कुठलं हे ती विचारणार, मग चांगलं सुनवायचं, हे मी ठरवूनच बसलो होतो. तिने कप उचलला आणि फुंकर घालत सगळा पिऊन टाकला. विचारलं नाही.

आता हापशाला साखळी आहे. दांड्याला मी अजून तेल देतो. तिचा फोन आल्यावर मात्र नाही, वास बाटलीत जातो. भांडणं चालूच आहेत, बर्फ अजून देत नाही. चहा पिते. पाणी कुठलं, ते अजून विचारत नाही.